आबांना एल्कच हवाय, हे ठरवलं कुणी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मिशिगनमध्ये राहणारे ४२ वर्षांचे एक वाचक लिहितात. वडील, म्हणजे आबा, मूळचे कागल भागातले, वय ७३. १९७९ साली मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून अमेरिकेत आले. कंपनीतल्या एका सहकाऱ्याने त्यांना हरणाच्या शिकारीला नेलं आणि तेव्हापासून १५ नोव्हेंबर, म्हणजे मिशिगनमधल्या बंदुकीच्या हंगामाचा पहिला दिवस, आबांनी सहसा चुकवलेला नाही. खंडेनवमीला बंदुकीला हळदकुंकू लावतात. निवृत्तीनंतर एकदा पश्चिमेकडे जायचं, असं त्यांचं आणि त्या मित्राचं ठरलं होतं. मित्र गेल्या हिवाळ्यात वारले. मग एकदा जेवताना आबा म्हणाले, "यंदा एकदा पश्चिमेकडं जाऊन येऊया. डोंगर बघायचं राहिलंय." त्या दिवसापासून वाचक रात्ररात्र कोलोरॅडोतल्या एल्कच्या, म्हणजे तिकडच्या डोंगरातल्या थोराड हरणाच्या, शिकारीचे व्हिडिओ बघतायत. आबांना २०२१ मध्ये स्टेंट बसलाय, उजवा गुडघा कुरकुरतो. आईंनी या विषयावर बोलणंच सोडलंय. डॅलसचा धाकटा भाऊ म्हणतो, टेक्सासमध्ये शिकारीसाठी कुंपण घातलेल्या रँचवर, म्हणजे खासगी कुरणावर ने, गाडीतून उतरायलाही नको. वाचक स्वतः सतराव्या वर्षापर्यंत आबांबरोबर जायचे, मग ते सुटलं. ते विचारतात, "दहा हजार फुटांवर त्यांना नेण्याची जोखीम घेऊ, की नाही म्हणून मन मोडू? आबांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही."

उत्तर

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर बर्फातला चढ आणि धापा टाकणारे आबाच आले. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. आबांचं एकच बोलणं तुम्ही जसंच्या तसं दिलंय आणि त्यात एल्क कुठेच नाही. दहा हजार फूटही नाहीत. 'पश्चिमेकडं' आहे, 'डोंगर बघायचं' आहे. एल्क येतो तो पुढच्या ओळीत, तुमच्या व्हिडिओंबरोबर.

असेलही त्यांच्या मनात एल्क. मित्राशी बोलणं झालं असेल ते कदाचित एल्कचंच. पण तुम्ही विचारलेलं दिसत नाही. जनावर तुम्ही निवडलंत, उंची तुम्ही निवडलीत आणि मग ते आबांना झेपेल का, म्हणून स्वतःची झोप उडवून घेतलीत.

मी काही फार शहाणी आहे असं नाही. माझे वडील ७६ व्या वर्षी वारीला जातो म्हणाले, तेव्हा मी आणि भावाने तीन आठवडे घर डोक्यावर घेतलं. आळंदी ते पंढरपूर एवढं अंतर, पाऊस, संडासाची गैरसोय, मधुमेह. शेवटी वहिनीने चहा देता देता विचारलं, "बाबा, नक्की कुठून कुठवर?" ते म्हणाले, "दिवेघाट गं. वरून सगळ्या दिंड्या दिसतात ना, तेवढंच." बस्स. घाट ते चढले, दोनदा बसून. पाय सुजले ते माझे.

तरी एल्कबद्दल दोन शब्द लिहिते, कारण व्हिडिओत जे कापलं जातं ते मी जवळून पाहिलंय. बंदूक मी कधी हातात धरलेली नाही, पण डेन्व्हरजवळ अठरा वर्षं राहिले आणि शेजारचे गृहस्थ दर ऑक्टोबरला एल्कला जायचे. चांगला नर तीनशे किलोच्या घरात भरतो. हाडं काढून टाकली तरी ऐंशी-नव्वद किलो मांस उरतं आणि ते कायद्याने तिथं टाकून येता येत नाही. चारही पाय, पाठीच्या पट्ट्या, आतल्या कोवळ्या पट्ट्या, सगळं खाली आणायचं. पाठीवर, चार-पाच खेपांत. शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये पांढऱ्या कापडी पिशव्यांत ते पाय टांगलेले दिसायचे आणि तो स्वतः दोन दिवस सोफ्यावर आडवा. तेव्हा तो जेमतेम पन्नाशीचा, दर शनिवारी डोंगर चढणारा. बार उडाला की तिथं शिकार संपत नाही, हमाली सुरू होते. तुमच्या पत्रात आबांच्या गुडघ्याबद्दल चार ओळी आहेत, तुमच्या पाठीबद्दल एकही नाही.

माझ्या मनात येतं ते वायोमिंग आणि प्राँगहॉर्न, म्हणजे तिथल्या माळावरचं हरणासारखं जनावर. तिथले लोक त्याला सर्रास अँटेलोप म्हणतात, जरी शास्त्राच्या हिशेबाने तो अँटेलोप नाही. वजन पन्नास किलोच्या आसपास, हाडं काढलेलं मांस पंधरा-वीस किलो. तुम्ही एकटे दोन खेपांत गाडीपर्यंत आणाल. राहतो सेजब्रश नावाच्या खुरट्या झुडपांच्या उघड्या माळावर. कॅस्पर, डग्लस या गावांच्या बाजूला उंची पाच हजार फुटांच्या आगेमागे. मुख्य म्हणजे तो दिवसाउजेडी दिसतो. पहाटे तीनला उठून अंधारात चढ चढायचा नाही. नाश्ता करून निघायचं, गाडी लावायची, दुर्बिणीने माळ पिंजून काढायचा, कळप दिसला की एखाद्या ओहोळाच्या आडोशाने सरकत जायचं. त्याची नजर भयंकर तेज असते, त्यामुळे बहुतेकदा तुम्हाला आधी तोच बघतो आणि पसार होतो. मग दुसरा कळप. दमलात तर गाडीशी परत, थर्मासमधला चहा. पहिल्यांदाच पश्चिमेकडे जाणाऱ्यांना जाणती माणसं बरेचदा हीच शिकार सुचवतात, ती म्हाताऱ्यांसाठी ठेवलेली सोय नव्हे. आबांना सांगतानाही 'तुम्हाला झेपेल म्हणून' असं चुकूनही म्हणू नका. आणि डोंगर? कॅस्परच्या दक्षिणेला एक उभाच आहे. एक दिवस बंदूक खोलीत ठेवून गाडीने उत्तरेला बिगहॉर्नच्या रांगांकडे जाऊन या.

आबा कागलचे, म्हणून एक जास्तीची गोष्ट सांगते. प्राँगहॉर्न ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने पळतो. आजच्या अमेरिकेत त्याला पळून गाठेल असं एकही जनावर नाही. मग एवढा वेग कशाला? काही शास्त्रज्ञ म्हणतात, हजारो वर्षांपूर्वी तिथं चित्त्यासारखं एक जनावर होतं, ते नामशेष झालं आणि त्याच्या भीतीने आलेला वेग तेवढा मागे राहिला. कोल्हापूर संस्थानात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडत. त्या चित्तेवानांच्या गोष्टी कागलच्या मुलाच्या कानावर पडल्या नसतील तरच नवल. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा आबा वीस वर्षांचे. हाका, माचाण, सावज हे शब्द घरात ऐकत वाढलेल्या माणसाच्या हाती बंदूक यायच्या वयातच ते सगळं थांबलं, आणि थांबलं ते बरंच झालं, पण सात वर्षांनी परक्या देशात कुणीतरी त्याला म्हणालं, चल उद्या हरणाला. त्या पहाटे काय वाटलं, हे त्यांना विचारा. मिशिगनपासून कॅस्पर साधारण तेराशे मैल आहे, गाडीने दोन दिवस. विमानापेक्षा गाडीच बरी, बंदूक आणि बर्फाच्या पेट्या न्यायच्यात म्हणून म्हणते, पण त्या दोन दिवसांसाठीही म्हणते.

आता कागदपत्रं. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला प्राँगहॉर्नचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, सोडतीतून मिळतो. अर्जाची मुदत जूनच्या सुरुवातीपर्यंत असते. दोघांनी मिळून एकच अर्ज केला तर मिळाला तर दोघांना, नाही तर कुणालाच नाही. उरलेले टॅग पुढे जुलैत विक्रीला येतात. यात एक गोम आहे. काही भागांत टॅग पटकन मिळतो, कारण तिथली जवळपास सगळी जमीन खासगी असते. टॅग खिशात आणि पाय ठेवायला जागा नाही, अशी गत होते. म्हणून आधी नकाशा, मग अर्ज. सरकारी जमीन किती, राज्याच्या योजनेत शिकाऱ्यांना खुली केलेली खासगी जमीन किती, पैसे घेऊन सोडणारा रँचवाला आहे का, हे बघा. फोन करा, रँचवाल्यांना फोनवर बोलायला आवडतं. जुन्या व्हिडिओतल्या आकड्यांवर जाऊ नका. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात राज्याच्या पश्चिम भागात प्राँगहॉर्न मोठ्या संख्येने मेले आणि टॅग कमी झाले.

यातली गंमत अशी की आबांनी शिकारीच्या सुरक्षिततेचा सरकारी कोर्स बहुधा कधी केलाच नसेल. मिशिगनमध्ये तो १९६० पासून पुढे जन्मलेल्यांना सक्तीचा, वायोमिंगमध्ये १९६६ पासून पुढच्यांना. आबा १९५२ चे, दोन्हीकडे मोकळे. कोलोरॅडोत मात्र सीमा १९४९ ची. म्हणजे तुमच्या एल्कच्या बेतात चाळीसेक वर्षं शिकार केलेल्या आबांनाही आधी कोर्स किंवा परीक्षा द्यावी लागली असती. तुम्हाला टॅग काढायचा तर कोर्स सहसा लागणारच. पण तुम्ही टॅग काढायलाच हवा असं नाही. पहिल्या खेपेला आबांचा एकट्याचा टॅग आणि तुम्ही दुर्बीण, सुरी आणि पाठ घेऊन सोबत, हेही चालतं. मला विचाराल तर तेच बरं. कोर्स मात्र तरीही करा. सतराव्या वर्षी जे येत होतं ते हातात राहिलंय, या भरवशावर जाऊ नका. या प्रवासात आबा जाणते आणि तुम्ही शिकाऊ आहात, हे पत्र लिहिताना तुमच्या ध्यानात राहिलेलं नाही.

पण एका बाबतीत आबाही नवखेच असतील. तुम्ही मिशिगनच्या दक्षिण भागात राहत असाल, तर तिथं वर्षानुवर्षं हरणासाठी लांब पल्ल्याची रायफल चालतच नसे. छऱ्याच्या बंदुकीतून एकच जड गोळी, नाही तर सरळ काडतुसाची बंदूक. झाडीत, पन्नास-साठ यार्डांवर. माळावर तोच नेम दीडशे-दोनशे यार्डांवर, वाऱ्यात धरायचा आहे. चार दशकांचा अनुभव असला तरी ही विद्या वेगळी. मे महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी दोघं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर जा. बाकावरून नको, बसून आणि काठ्यांच्या टेकूवरून. आबांचा नेम जिथवर दहात दहा वेळा लागतो, तेवढंच त्यांचं अंतर. आधी डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू असेल तर तेव्हाच कळेल. आणि गुडघ्याला जाड पॅड घ्या. त्या माळावर निवडुंग जमिनीसरशी पसरलेला असतो. गवतात दिसत नाही, गुडघा टेकला की कळतो.

आता हृदयाचं. 'आबांना शिकारीला नेऊ का' असं डॉक्टरांना विचारू नका. डॉक्टर एक तर हसतील, नाही तर सरसकट नको म्हणतील. नेमकं विचारा. पाच-सहा हजार फुटांवर, थंडीत, पाच किलो वजन घेऊन उंचसखल जमिनीवर दोन मैल चालणं, मध्ये थांबत थांबत, जमेल का? ट्रेडमिलची चाचणी मागून घ्या, पण तिच्यावरच विसंबू नका. तुमच्याच मिशिगनमध्ये २००७ च्या सुमारास हरणाच्या शिकाऱ्यांना यंत्रं लावून एक अभ्यास झाला होता. त्यात काहींच्या हृदयाचे ठोके ट्रेडमिलवर गाठलेल्या कमाल आकड्याच्याही वर गेले होते. हरीण समोर दिसतं तेव्हा, आणि मेलेलं हरीण ओढताना. तेव्हा ओढणं, उचलणं, फाडणं ही तुमची कामं, आणि हे आधीच ठरवून टाका. ऐन वेळी आबा 'सोड, मी धरतो' म्हणणारच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुरी त्यांच्या हातात नकोच. पोचल्यावर एक दिवस नुसता फिरण्यात घालवा, पाणी भरपूर पाजा. त्या माळावर मोबाइलची रेंज बेभरवशाची, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या आणि ते वापरायला दोघंही शिका. तुम्हीच घसरून पडलात तर? आबांना ते बटण सापडायला हवं.

आणि एक अवघड बोलणं. कधीतरी आबा म्हणतील, कदाचित म्हणालेही असतील, "तिकडं काय झालं तर झालं. बंदूक हातात असताना गेलो तर सोनंच." माणसं असं बोलतात, ते मनापासूनही असतं. पण त्या वाक्याची किंमत बोलणारा चुकवत नाही. जवळचं इस्पितळ तासाभराच्या अंतरावर, अशा माळावर वडिलांच्या छातीवर दोन्ही हात दाबत बसलेले तुम्ही असाल आणि त्यानंतर मिशिगनला आईंना फोन करणारेही तुम्हीच. हे त्यांना एकदा सांगा. भीती घालायला नव्हे. आबांनी उभ्या आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही म्हणता, तर आता तुम्ही त्यांच्याकडे एक गोष्ट मागा. छातीत जरा जरी वेगळं वाटलं तर त्याच क्षणी सांगायचं, जनावर समोर उभं असलं तरी. दोघांपैकी कुणीही 'बास' म्हणालं की त्या दिवशी बास, कारण विचारायचं नाही. याला आबा हो म्हणाले तर निघा. इथं त्यांनी खांदे उडवले तर मात्र मी तुमच्या जागी असते तर बंदूक घरी ठेवून नुसते डोंगर बघायला गेले असते.

आईंचं मौन तुम्ही काळजी म्हणून वाचलंय. असेल. पण मला तारखांचीही शंका येते. वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नचे बंदुकीचे हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतात, भागागणिक तारखा वेगळ्या. ज्या घरात खंडेनवमीला बंदुकीला हळदकुंकू लागतं त्या घरात घटही बसत असणार. घरात घट बसलेला असताना कर्ता पुरुष रक्तामांसात हात घालायला निघालाय, हे आई तोंडाने बोलणार नाहीत, पण मनात ठेवतील. भाग निवडतानाच नवरात्र टाळून तारखा बघा, आणि त्या आईंसमोर बसून बघा. कॅलेंडर त्यांच्या हातात द्या. फ्रीजरचा कुठला कप्पा रिकामा करायचा, तेही त्यांनाच विचारा. चित्र लगेच पालटेल असं म्हणत नाही, पण 'जाऊ का' याऐवजी 'कधी जाऊ' यावर बोलणं तरी सुरू होईल.

धाकट्या भावाच्या कुंपणाच्या रँचला मी नावं ठेवणार नाही. ज्यांना खरोखर चालताच येत नाही त्यांच्यासाठी ती सोय मोलाची आहे. पण आबा चालतात. चाळीसेक वर्षं शिकार केलेल्या माणसाला कुंपणाच्या तारा दुपारपर्यंत दिसतील, आणि मग परतीच्या विमानात तो तुम्हा दोघांशी फार गोड बोलेल. ते गोड बोलणं तुम्हाला नकोय. भावाला पैसे द्यायचेच असतील तर उपग्रहाच्या यंत्राचे देऊ देत.

अशीच पत्रं मला आणखी दोघातिघांकडून आलीत, म्हणून इतरांसाठी थोडं. आई-वडील भारतातून पाहुण्या व्हिसावर आले असतील, किंवा तुम्ही स्वतःच कामाच्या व्हिसावर असाल, तर बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाला विचारा. अमेरिकेचा संघराज्याचा कायदा या बाबतीत कडक आहे आणि 'नुसती धरून बघितली' ही सबब तिथं चालत नाही. हरीण किंवा एल्क आणायचा असेल तर वेस्टिंग नावाच्या मेंदूच्या रोगामुळे अनेक राज्यं, त्यात मिशिगनही, डोकं आणि मणका लागलेलं धड आत येऊ देत नाहीत. हाडं काढलेलं मांस आणायचं. प्राँगहॉर्नला ही अडचण नाही. त्याचं मांस मात्र उन्हात फार लवकर खराब होतं. 'अँटेलोपला वास येतो' म्हणणाऱ्यांनी बहुतेकदा ते तासन् तास गाडीवर तसंच फिरवलेलं असतं. जागीच सोला, लगेच बर्फात ठेवा. शेजाऱ्याने दिलेल्या मांसाचा खिमा मी कांदा-लसूण मसाल्यात केला होता. त्याने भांडं परत करताना पुसून आणलं.

आता तो पहिला प्रश्न. जेवायच्या टेबलावर विचारू नका, आई ऐकत असताना आबा सरळ उत्तर देणार नाहीत. रेंजवर न्या. परत निघताना ते बंदूक पुसत असतील तेव्हा शेजारी बसा आणि विचारा, "आबा, पश्चिमेकडं म्हणजे नक्की कुठं?" आणि मग पुरेसा वेळ गप्प बसा. मित्राचं नाव निघालं तर मध्ये बोलू नका.

एल्कच म्हणाले, तर मला पुन्हा लिहा. मादी एल्कचे टॅग, कमी उंचीवरच्या रँच, घोड्यांवरून मांस उतरवून देणारी माणसं, असे रस्ते तिथेही आहेत. वायोमिंगमध्ये मात्र केंद्र सरकारने 'वाइल्डरनेस' ठरवलेल्या भागात बाहेरच्या शिकाऱ्याला परवानाधारक गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत लागतो. आणि तिथली एल्कच्या अर्जाची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच संपते, म्हणजे तो बेत पुढच्या वर्षावर जाईल. तोवर रेंजवरचे शनिवार चालू ठेवा.